बाबांचा धूर आणि आपला मेंदू



या आठवड्याच्या टपालात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, 'ताई, माझे बाबा रोज सिगरेट ओढतात. घरात नाही, गॅलरीत. मला गणितात नेहमी कमी मार्क पडतात. काका म्हणाले, बापाच्या धुराने पोरांचं डोकं बिघडतं. हे खरं आहे का?'

प्रश्न महत्त्वाचा आहे. तेव्हा काकांचं ऐकून घेऊ, पण पुरावाही मागू!

पहिला पुरावा अमेरिकेतला. तिथल्या ६ ते १६ वर्षांच्या ४,३९९ मुलांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. 'घरात कुणी ओढतं का?' एवढ्या प्रश्नावर संशोधक थांबले नाहीत. त्यांनी मुलांच्या रक्तातलं कोटिनिन पाहिलं. निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन बनतं. चोराने मागे ठेवलेला पायाचा ठसाच म्हणा ना! ही मुलं स्वतः ओढणारी नव्हती; धूर मोठ्यांचा होता. ज्यांच्या रक्तात कोटिनिन जास्त, त्यांना वाचन, गणित आणि ठोकळे जुळवून नक्षी करण्याच्या चाचणीत सरासरीने कमी गुण मिळाले. घरची गरिबी, आईवडिलांचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचणीत मात्र तो दिसला नाही.

आता पुढचा प्रश्न. मूल जन्मायच्या आधीच बाबा ओढत असतील तर? माणसांत हे तपासणं अवघड. बाबांचा धूर आईपर्यंतही पोचतो, मग परिणाम नेमका कशाचा, हे कसं ओळखायचं? म्हणून फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी उंदीर निवडले. त्यांनी फक्त नरांना १२ आठवडे पाण्यातून निकोटिन दिलं, माद्यांना अजिबात नाही. तरीही पिल्लं चुळबुळी निघाली, त्यांतल्या नरांचं लक्ष टिकेना. एकदा शिकलेलं बदलून नवं शिकणंही पिल्लांना जड गेलं. नरांच्या शुक्राणूंमध्ये डीएनएवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या आढळल्या. हा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही विसरायचं नाही हं!

तर मैत्रिणी, काकांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सरासरी ही हजारो मुलांची असते. तुझे मार्क धुरामुळेच कमी झाले, असं एकट्या तुझ्याबद्दल कुणीही सांगू शकत नाही. कदाचित अपूर्णांकच कच्चे राहिले असतील! तुझं डोकं 'बिघडलेलं' मुळीच नाही. तुझ्या वयात मेंदू अजून घडतोय, आणि सरावाने तो शिकतो.

आणि गॅलरीचं काय? दार उघडं असलं की धूर आत येतो. शर्टाला, हातांना, केसांना चिकटूनही येतो. दुसऱ्याचा धूर थोडासुद्धा निर्धोक नसतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २००६ सालीच बजावलंय.

म्हणून बाबांशी बोल. भांडू नकोस, सिगरेटी लपवून ठेवू नकोस. निकोटिनची सवय फार चिवट असते. ती सुटत नाही म्हणजे बाबांचं तुझ्यावर प्रेम नाही, असं नव्हे. ते निवांत बसलेले असताना जवळ जा आणि जे मला लिहिलंस, तेच त्यांना सांग: 'बाबा, मला भीती वाटते.' सोडायचं त्यांच्या मनात आलं, तर मदतही आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणारा सरकारी फोन, तोही फुकट! हा नंबर सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो.

बाबा काय म्हणाले, ते मला नक्की कळव. आणि पत्र टाकून आलीस की अपूर्णांकाची दहा गणितं सोडव बरं का!

तुमची,
ताई