दिवा आपला, डोळे समोरच्याचे

माणांतून रात्रीं डाळिंबें नेणाऱ्या घरच्या पिकअपला प्रखर दिवे हवेत, असा चिरंजीवांचा हट्ट होता. परंतु 60/55 वॉटऐवजीं 100/90 वॉटचा बल्ब 12 व्होल्टांवर 5 अँपियरच्या जागीं 8 हून अधिक प्रवाह ओढतो. तारा व सॉकेट तापतात. हॅलोजनच्या परावर्तकांत एलईडी बसविल्यास प्रकाशाचें स्थान बदलून झोत बहुधा विखुरतो. चैत्रांत शिखर शिंगणापुरास कावडी घेऊन पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंचे डोळे तो दिपवील! म्हणून आम्हीं 60/55 चेच दोन्ही बल्ब जोडीनें बदलले, काचा स्वच्छ पुसल्या व झोताची उंची नीट करून घेतली. आपणांस दिसावें, पण दुसऱ्याचें दिसणें हिरावूं नये, एवढें तरुण वाचकांनीं ध्यानीं धरावें.