असिस्टंट कोच गेला की लगेच 'गद्दार'?

सीझन संपत आला की हे ठरलेलंच. कुठल्या तरी मोठ्या क्लबचा असिस्टंट कोच दुसरीकडे निघाल्याची बातमी येते आणि आपल्याकडच्या फॅन ग्रुपवर धुरळा उडतो. कालपर्यंत ज्याचं नाव धड उच्चारता येत नव्हतं, तो आज एक तर 'टीमचा खरा मेंदू' असतो, नाहीतर 'गद्दार'. मधलं काही नाहीच!

मला हे दोन्ही मान्य नाही. मँचेस्टर युनायटेडचीच दोन उदाहरणं घेऊ, कारण कोल्हापूर असो की मडगाव, यांचे फॅन गल्लोगल्ली आहेत.

पहिलं, डिसेंबर १९९८. ब्रायन किड. सात वर्षं फर्ग्युसनचा उजवा हात. शिवाय मँचेस्टरचाच पोरगा, १९६८ च्या युरोपियन कप फायनलमध्ये स्वतःच्या १९ व्या वाढदिवशी गोल मारलेला. हा माणूस ऐन सीझनमध्ये ब्लॅकबर्नचा मॅनेजर व्हायला निघून गेला. गद्दारीचा शिक्का मारायचाच तर याहून सोपी केस मिळणार नाही. पुढं काय झालं? फेब्रुवारीत डर्बीहून स्टीव्ह मॅक्लॅरन आला. त्याच्या पहिल्याच मॅचला नॉटिंगहॅम फॉरेस्टला ८-१ हाणलं आणि मे महिन्यात लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग, तिन्ही कप घरात. 'मेंदू' गेला म्हणून काही अडलं नाही. उलट किडचं ब्लॅकबर्न खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं, तेही युनायटेडशीच ०-० बरोबरी झाल्यावर.

दुसरं, २०१३ चा उन्हाळा. युनायटेड ११ गुणांच्या आघाडीनं चॅम्पियन. फर्ग्युसन निवृत्त झाले, डेव्हिड मोयेस आले. माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलकीपिंग कोच एरिक स्टील हे तिघंही एकाच झटक्यात गेले आणि मोयेसनं एव्हर्टनची आपली माणसं आणली. पुढच्या सीझनला नंबर सातवा. चॅम्पियन्स लीग सोडाच, त्यानंतरच्या वर्षी युरोपातली कुठलीच स्पर्धा नशिबात नाही.

कुणी म्हणेल, टीम म्हातारी झाली होती, चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिलही तेव्हाच गेले. बरोबर आहे. पण मग तर जुनी माणसं धरून ठेवायची गरज जास्तच होती ना? १९९८ ला एक माणूस गेला, घर जागेवर होतं. २०१३ ला घराची माहिती असलेले सगळेच एकदम गेले. आपल्याकडं नवीन साहेब आल्या आल्या जुना हेडक्लार्क बदलतो आणि मग सहा महिने फाइल सापडत नाही, तसाच प्रकार.

मार्च २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरून 'मोयेस आउट'चा बॅनर लावलेलं विमान फिरलं. महिन्याभरात मोयेस गेलेही. पण घोळ झाला होता आदल्या उन्हाळ्यात. विमान उडवायचंच होतं तर तेव्हा उडवायचं!

आणि गंमत बघा. ज्या फेलनला जाऊ दिलं, त्यालाच डिसेंबर २०१८ मध्ये क्लबनं परत बोलावलं. म्यूलेनस्टीन तर २०१७ मध्ये केरळा ब्लास्टर्सचा हेड कोच म्हणून आपल्या आयएसएलमध्ये येऊन गेला.

आता निष्ठेचं. तुमच्या भावाला दुसऱ्या कंपनीत मॅनेजरची पोस्ट मिळाली तर तुम्ही पेढे वाटता. मग वर्षानुवर्षं पोरांना पळवणारा, कोन मांडणारा, व्हिडिओ बघत रात्र काढणारा माणूस स्वतःची टीम सांभाळायला गेला की त्याच्या बायकापोरांपर्यंत शिव्या कशाला? शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलेल्यांना तरी हे सांगायला लागू नये. तालमीच्या पोरांकडून पहाटे कोण घाम गाळून घेतं, हे आपण डोळ्यांनी बघितलंय.

राग धरायचाच असेल तर क्लबवर धरा आणि नेमके प्रश्न विचारा. हा जाणार हे तुम्हाला कधी कळलं? त्याच्या जागी कोण? जुन्यांपैकी किती जण राहणार? सराव कसा चालायचा, हे माहीत असलेला एक तरी माणूस मैदानावर उरलाय का?

याची उत्तरं न देता क्लब नुसताच 'धन्यवाद, शुभेच्छा'चा फोटो टाकत असेल, तर त्या फोटोखाली खुशाल तुटून पडा. मी पण येतो.