बारा वर्षांत एकरी एक कोटी?

परवा सास्तूरला गेलो होतो. पारावर ओळखीच्या एका काकांनी हातात रंगीत पत्रक दिलं. "बघ रे बाबा, खरं हाय का हे? बारा वर्षांत एकरी एक कोटी म्हणतेत." पत्रक महोगनी लागवडीचं. काकांची जमीन तीन एकर. त्यातल्या एका एकरात लावायचं जवळपास ठरलंय, रोपांसाठी सोयाबीनचे पैसेही बाजूला काढलेत.

झाड खोटं नाही. महोगनीच्या लालसर, चकाकणाऱ्या लाकडाला फर्निचरसाठी जगभर मागणी आहे. मेक्सिकोपासून ब्राझील-बोलिव्हियापर्यंतच्या जंगलातलं हे झाड. तिथं तोड एवढी झाली की २००३ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. पण तो भाव कित्येक दशकं वाढलेल्या झाडाच्या लाल गाभ्याचा आहे. बारा वर्षांच्या खोडात तेवढा गाभा कुठून येणार?

दुसरं पाण्याचं. या झाडाला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस मानवतो. आपल्या जिल्ह्याची सरासरी आठशेच्या आत. २०१६ ला शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे विसरलो का आपण? शिवाय शेंडा पोखरणारी अळी लागली की झाडाला फांद्या फुटतात आणि सरळ खोड मिळत नाही. यातलं एक अक्षर पत्रकात नाही.

नव्वदच्या दशकात सागवानाच्या कंपन्यांनी असंच स्वप्न विकलं होतं. किती जणांचे पैसे बुडाले, जुन्या माणसांना विचारा. शेवटी १९९९ मध्ये सेबीला अशा योजनांसाठी नियम करावे लागले.

काकांना मी नाही म्हणालो नाही. बांधावर दहा-वीस झाडं लावा, रानात तूर-सोयाबीन राहू द्या, एवढंच म्हणालो. आणि पत्रकाच्या मागं तीन प्रश्न लिहून दिले. लाकूड कोण घेणार, हे स्टॅम्पपेपरवर देता का? रोपं जळाली तर पैसे परत का? आणि आपल्या भागात बारा वर्षांचं महोगनी विकल्याची एक तरी पावती आहे का?

तुमच्यापैकी कुणाकडं अशी पावती असेल तर खाली टाका. मी ती आनंदानं छापीन. तोपर्यंत सोयाबीनचे पैसे खिशातच राहू द्या.