अस्वलाचा वाटा

आरोंदा हे गाव तेरेखोल खाडीच्या काठी आहे. येथून पूर्वेकडे गेले की सह्याद्रीचे डोंगर लागतात. आंबोली आणि तिलारी ही जंगले त्याच डोंगरांत आहेत. या जंगलांत अस्वल राहते. उर्दूत आपण त्याला रीछ किंवा भालू म्हणतो. अस्वल दिसले की लोक घाबरतात आणि 'त्याला पकडून दूर न्या' असे म्हणतात. मला वाटते, असे म्हणण्यापूर्वी आपण एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. अस्वल खाते तरी काय?

एप्रिल-मे महिन्यांत रानात मेजवानी असते. करवंदे, जांभळे, फणस पिकतात. अस्वल ती आवडीने खाते. पण श्रावण-भाद्रपदात ही फळे संपलेली असतात. तेव्हा त्याची भिस्त मुख्यतः मुंग्या आणि वाळवी यांवर असते. पावसाने माती मऊ झालेली असते. अस्वल लांब नख्यांनी वारूळ फोडते, फुंकून माती उडवते आणि वाळवी तोंडात ओढून घेते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून वाळवी सहज आत जाते. माती जाऊ नये म्हणून ते नाकपुड्याही मिटू शकते.

काश्मीरच्या डोंगरांतले काळे अस्वल उन्हाळ्याच्या अखेरीपासून अक्रोड, ओकची फळे, मका खाऊन अंगात चरबी साठवते. कारण हिवाळ्यात ते झोपून राहते. आपले अस्वल असे झोपत नाही. त्याला बाराही महिने अन्न शोधावे लागते.

हे अन्न कोण कमी करतो? दोडामार्ग तालुक्यात रान तोडून रबराच्या बागा झाल्या. रबराच्या झाडाला अस्वलाने खावे असे काही लागत नाही. जमीन सपाट करताना वारुळेही जातात. मग भुकेले अस्वल काजूच्या बागेत आले, तर त्याला चोर कसे म्हणावे?

शेतकऱ्याची बाजूही खरी आहे. काजूवर त्याचे घर चालते. अस्वलाने जखमी केले तर सरकार भरपाई देते; पण गेलेला डोळा परत येत नाही. म्हणून सावध राहिले पाहिजे. अस्वलाची नजर कमजोर असते. खाण्यात गुंग असताना माणूस अचानक समोर आला की ते घाबरून हल्ला करते. रानात एकट्याने जाऊ नये आणि मोठ्याने बोलत जावे.

1972 च्या वन्यजीव कायद्याने अस्वलाच्या शिकारीला बंदी आहे. 2020 साली तिलारीच्या जंगलाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पण केवळ कायद्याने अस्वलाचे पोट भरत नाही. सिंधुदुर्गातल्या अनेक गावांत वारूळ हे सातेरी देवीचे रूप मानतात. त्या वारुळाला कोणी कुदळ लावत नाही. हाच आदर रानातल्या इतर वारुळांनाही मिळावा. बागेच्या कडेची उंबराची आणि जांभळीची झाडे राखावीत.

विद्यार्थी मित्रांनो, रान आपल्यालाही बरेच काही देते. ते जरूर घ्यावे. पण अस्वलाचा वाटा रानातच ठेवावा. रानात त्याचे पोट भरले, तर गावाकडे येण्याची त्याला गरज पडणार नाही.