इंडोनेशियाचा दाखला देणाऱ्यांनो, जरा जावाकडेही बघा



२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला होता (२९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले). त्या दिवसांत इथल्या आपल्या जेवणावळींतही दुसरा विषय नव्हता. अशाच एका घरी, आमरसाच्या वाट्या फिरत असताना, एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले, "इंडोनेशियाकडे बघा. सातशे भाषा, हजारो बेटं, तरी देश एका भाषेत चालतो. त्यांना जमलं, मग आपल्याला का जमू नये?" भोवतालच्या माना डोलल्या. मी गप्प बसून आमरस संपवला. त्या गप्प बसण्याची अजून टोचणी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्रांना माणसांचे बोलणे ओळखायला शिकवणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. इंडोनेशियन भाषा त्यात वरचेवर येते, त्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्यांशी आणि तिथल्या भाषांवरच्या संशोधनाशी माझा बऱ्यापैकी संबंध आहे. तेवढ्या आधारावर सांगते की हा दाखला अगदी उलटा वापरला जातो.

२८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, निरनिराळ्या बेटांवरच्या तरुणांनी एक शपथ घेतली. त्यांनी निवडलेली भाषा मलय होती. ती मातृभाषा असणारे तेव्हा लोकसंख्येच्या जेमतेम पाच टक्के होते. जावानीज भाषक चाळीस टक्क्यांच्या आसपास होते, शिवाय त्या भाषेला शतकांचे वाङ्मय आणि राजदरबार होते. तरी ती निवडली गेली नाही. मलय ही बंदरांतली, बाजारातली भाषा. ती कोणा एका बलाढ्य गटाची नव्हती, म्हणून चालली. आता सांगा, भारतात जावानीजच्या जागी कोणती भाषा बसते? सर्वांत मोठ्या गटाची भाषा इतरांवर लादायची नाही, हा त्या तरुणांचा निर्णय. त्याचा दाखला हिंदीसाठी देणे म्हणजे गांधीजींचे नाव घेऊन दारूचे दुकान उघडण्यासारखे आहे.

आणखी एक बारकावा आहे. त्या शपथेत भूमी एक आणि राष्ट्र एक असे म्हटले आहे, पण भाषेबद्दल बोलताना शब्द बदलतो. तिथे 'ऐक्याची भाषा' असे शब्द आहेत, 'एकच भाषा' असे नाहीत. "एक देश, एक राष्ट्र, एक भाषा" ही सोयीची घोषणा नंतर रुळली.

मलयची, म्हणजे इंडोनेशियनची, कामगिरी मोठी आहे यात शंका नाही. हजारो पारिभाषिक शब्द घडवून तिथल्या विद्यापीठांत विज्ञान शिकवले जाते, प्रबंध लिहिले जातात. (आपण मात्र मराठीत विज्ञान 'अशक्य' ठरवून मोकळे झालो.) १९७३-७४ पासून पाच-सहा वर्षांत सरकारने ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. त्यामुळे मुलांचे शिक्षण आणि पुढची कमाई वाढली, हे पुढे नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. गरिबाच्या मुलाला शाळा मिळाली. ही गोष्ट कोणत्याही भाषाप्रेमापेक्षा मोठी आहे, आणि ती नाकारणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

पण त्या यशाचे बिलही आले आहे. १९८० च्या जनगणनेत घरी इंडोनेशियन बोलणारे १२ टक्क्यांच्या आसपास होते, २०१० मध्ये ते सुमारे २० टक्के झाले. बाकीच्या भाषांच्या अंगणातून ही माणसे आली. २०१४ मध्ये माया रवींद्रनाथ आणि अबिगेल कोन या दोन संशोधिकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच एक प्रश्न आहे: लाखो-कोट्यवधी भाषक असलेली भाषा धोक्यात येऊ शकते का? त्यांच्यासमोर मुख्य उदाहरण जावानीजचे होते. सहा कोटींहून अधिक भाषक. उत्तर थोडक्यात असे की नुसता आकडा कोणत्याही भाषेला वाचवत नाही. आईबाप मुलांशी काय बोलतात यावर सारे ठरते. मराठीचे ८ कोटी ३० लाख भाषक (२०११ ची जनगणना) तोंडावर फेकून "मराठीला काय होतंय?" म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

आता खरी अडचणीची गोष्ट, आणि ती आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या अडचणीची आहे. जावानीज भाषेत पायऱ्या आहेत. 'खाणे' या साध्या क्रियेला बरोबरीच्या माणसाशी बोलताना 'मंगान', आदराने बोलताना स्वतःसाठी 'नेडा' आणि मोठ्यांसाठी 'डाहार'. आजीला उद्देशून 'मंगान' म्हणालात तर उद्धटपणा, स्वतःला 'डाहार' लावलेत तर हसे. इंडोनेशियनमध्ये सगळ्यांना 'माकान' पुरते. माझ्याबरोबर काम करणारी योग्यकार्ताची एक विद्यार्थिनी आजीशी फोनवर इंडोनेशियन बोलते. मी कारण विचारले, तर म्हणाली, "चुकायची भीती वाटते. चुकलं की आजी काही बोलत नाही, पण मामा हसतात." नॅन्सी स्मिथ-हेफ्नर यांनी योग्यकार्तातल्या तरुण पिढीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हेच दिसते, आणि या बदलात तरुण स्त्रिया पुढे आहेत. आदराच्या भाषेचे ओझे त्यांच्याच डोक्यावर जास्त होते, मग त्यांनी ते उतरवले तर दोष कोणाला द्यायचा?

म्हणून जावानीजसाठी गळा काढणाऱ्या पंडितांवरही माझा राग आहे. भाषा शुद्ध ठेवण्याच्या नादात त्यांनी ती परीक्षा करून टाकली, आणि मुले परीक्षेला बसेनाशी झाली. हे वाचताना मला आमच्या मंडळाचा गणेशोत्सव आठवला. नऊ वर्षांचा मुलगा स्टेजवर "माझा आई" म्हणाला आणि सगळा हॉल हसला. मीही हसले होते. तो मुलगा आता कॉलेजात आहे, आणि मराठीत कोणी बोलले की इंग्रजीत उत्तर देतो. 'ण'ला 'न' म्हणणाऱ्याला हसण्याची सवय तर आपण पुण्याहून सामानात बांधूनच आणली आहे, आणि तिच्यामागे जात असते हे इथे कोणाला सांगायला नको.

जाता जाता इंग्रजीबद्दल. इंडोनेशियात सरकारी शाळांमध्ये 'आंतरराष्ट्रीय दर्जा'चे वर्ग निघाले होते. गणित-विज्ञान इंग्रजीत, फी जास्त, आणि अनेक शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी धड येईना. आपल्या सेमी-इंग्रजीची चुलत बहीणच म्हणा. पालकांनी आणि शिक्षणक्षेत्रातल्या कार्यकर्त्यांनी दाद मागितली आणि ८ जानेवारी २०१३ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. सरकारी पैशातून शाळांमध्ये वरचा आणि खालचा वर्ग निर्माण करता येणार नाही, आणि राष्ट्रभाषेचे स्थानही असे खालावता येणार नाही, हा निकालाचा रोख. एका भाषेचे कौतुक करणाऱ्या आमच्या गृहस्थांना हा भाग ठाऊक नव्हता. त्यांची नातवंडे पुण्यात ज्या शाळेत जातात तिथे मराठी आठवड्यातून तीन तास असते.

कोणी म्हणेल, २०२२ च्या 'पिसा' चाचणीत इंडोनेशियाच्या मुलांना वाचनात ३५९ गुण मिळाले, ओईसीडीची सरासरी ४७६, तेव्हा बघा परक्या भाषेतल्या शिक्षणाचे फळ. इतकी सोपी उडी मी मारणार नाही. गरिबी, शिक्षकांची तयारी, कोविड, कारणे ढीगभर आहेत. पण पहिलीत येणाऱ्या मुलाला घरची भाषा वर्गात ऐकू आली तर त्याचे काही बिघडते, याचा पुरावा मात्र मला अजून कोणी दाखवलेला नाही. तिथला २००३ चा शिक्षण कायदासुद्धा सुरुवातीच्या टप्प्यात गरजेनुसार स्थानिक भाषा वापरायला परवानगी देतो. ती वापरली जात नाही, कारण शहरातल्या शिकलेल्या आईबापांना ती नको असते. म्हणजे आपल्यासारख्यांना.

हा मजकूर मी त्या गृहस्थांना आधीच पाठवला. त्यांचे सविस्तर उत्तर आले आहे, इंग्रजीत. त्यांची हरकत नसेल तर पुढच्या अंकासाठी मीच त्याचे मराठी करून देईन.