मनगटावर बोटे ठेवा
अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ रहिवाशांच्या हृदयाची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. त्या नोंदींत पक्षाघाताची कारणे आयुष्यभर शोधली ती मेंदूविकारतज्ज्ञ फिलिप वुल्फ यांनी. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहिले, की आत रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. संधिवातज्वराने झडपा बिघडलेल्या नसल्या, तरी या थरथरीमुळे पक्षाघाताचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो, हे वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. केवढे मोलाचे काम! या थरथरीने नाडीची लय चुकते आणि ती बोटांना कळते. आपल्याकडे मात्र यंत्राने रक्तदाब मोजला जातो, नाडी पाहायची राहून जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साठीपुढच्या प्रत्येकाची नाडी मिनिटभर हाताने तपासलीच पाहिजे. लय चुकलेली आढळली, तर ईसीजी त्याच दिवशी.