ओवाळणे पुरे, ओझे वाटून घ्या

स्त्रीच्या त्यागाचे गुणगान करणे हा आपल्या समाजाचा फार जुना आणि फार स्वस्त असा छंद आहे. गुणगानाला पैसा लागत नाही, वेळ लागत नाही आणि ते करणाऱ्याला बसल्या जागेवरून उठावेही लागत नाही. कोरोनाच्या महामारीत ह्या छंदाला भर आला. २२ मार्च २०२० रोजी सायंकाळी पाच वाजता लोकांनी गच्चीत आणि खिडकीत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. परिचारिकांना 'देवदूत' ही पदवी बहाल झाली. देवदूतांना भूक लागत नाही, पगार लागत नाही आणि त्यांची लहान मुले घरी वाट पाहत नसतात. ही पदवी देणाऱ्यांना इतकी सोयीची वाटली, ती त्यामुळेच असावी.

टाळ्यांचा आवाज विरल्यावर नोकरदार स्त्रीच्या पदरात काय पडले, ते पाहू. मार्च २०२० मध्ये मुंबईची लोकल बंद झाली आणि १५ जूनपासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. इतर स्त्रियांना मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबरपासून. आणि तीही कोणत्या वेळी? सकाळी ११ ते दुपारी ३, आणि सायंकाळी ७ नंतर! वसईहून अकराला निघालेली स्त्री चर्चगेटला पोहोचेपर्यंत बारा वाजून जाणार. कोणता मालक तोवर तिची वाट पाहणार होता? भाजी आणि फुले घेऊन पहाटे दादर गाठणाऱ्या आमच्या भगिनींना तर ती वेळ निव्वळ निरुपयोगी होती. गर्दी टाळणे आवश्यक होते, हे आम्हांला मान्य आहे. परंतु नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कामाला निघालेली स्त्री नव्हती. सवडीने बाजारहाट करणारी स्त्री होती. स्त्रीची मिळकत ही घराची वरकमाई आहे, हा समज आपल्या हाडीमांसी किती खोल रुजला आहे, ह्याचे हे लक्षण होय.

आशा सेविकांची कथा निराळी नाही. घरोघर फिरून रुग्ण शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवले गेले आणि त्यासाठी केंद्र शासनाने महिना १,००० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरवला. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये! जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले, तेव्हा कोठे शासनाने मोबदल्यात वाढ मान्य केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव झाला, ह्याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु गौरवपत्राने चूल पेटत नाही.

येथवर वाचून सुज्ञ वाचक मान डोलावतील. शासनाला दोष देताना मान सहज डोलते. आता आपल्याच दाराशी येऊ. टाळेबंदीत कित्येक घरांनी घरकामाला येणाऱ्या बाईला 'सध्या येऊ नकोस' असे सांगितले. ते योग्यच होते. परंतु तिचा पगारही त्याच दिवशी थांबवला, हे कोणत्या न्यायात बसते? आपला पगार घरबसल्या मिळावा अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांनी तिला मात्र 'काम नाही तर दाम नाही' हा नियम ऐकवला.

आणि घराच्या आत? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. जे पुरुष घरकाम करत होते, ते ९७ मिनिटे. मग महामारी आली. पुरुष महिनोन्महिने घरी राहिले. स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याची सेवा, मुलांचा मोबाईलवरचा अभ्यास हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ह्या शिक्षणाचा परिणाम काय झाला? २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रियांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८! धडा समोर गिरवला जात होता. विद्यार्थी मात्र जेवणाच्या ताटाची वाट पाहत बसला होता.

कोणी म्हणेल, 'पुरुषांच्याही नोकऱ्या गेल्या, त्यांचे दुःख तुम्हांला दिसत नाही काय?' दिसते. परंतु नोकरी गेलेला पती घरात असताना दिवसभर राबून आलेल्या पत्नीनेच पुन्हा पदर खोचावा, हे त्या दुःखावरचे औषध नव्हे. 'झेपत नसेल तर नोकरी सोड' हा सल्लाही आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. तो पतीला दिलेला मात्र आमच्या ऐकिवात नाही.

पुढचे संकट केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तयारी मात्र आज करता येते. ज्यांचे उद्योग आहेत, त्यांनी अडचणीच्या काळात स्त्रियांच्या कामाच्या वेळा लवचीक ठेवाव्यात आणि त्यापायी त्यांची बढती अडवू नये. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ साली कायद्याने पाळणाघर बंधनकारक केले. ते आपल्या कार्यालयात आहे काय, हे पुरुष कर्मचाऱ्यांनीही विचारावे, कारण मूल त्यांचेही आहे. घरकामाच्या बाईशी पगारी रजेचा करार आजच बोलून ठेवावा. धर्मग्रामाचे सभागृह लग्नसमारंभांसाठी सजते, तसे ते कामावर गेलेल्या मातांच्या मुलांसाठी दुपारी उघडे राहावे. आणि घरातील मुलग्यांना भाकरी थापता आली पाहिजे. ती शिकवण्यासाठी महामारीची वाट पाहण्याचे कारण नाही.